अंजनाबाईच्या पदरातली फळं

मधुकरराव सर कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त होऊन धंतोलीत राहतात. कोणी रोपटं घेऊन आलं की अजूनही समोरचा चहा विसरून भिंग शोधतात. त्या दुपारी मी आईच्या पदरात फळांसोबत आलेली एक बारकी फांदी स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्याकडे गेले. हिवाळा होता. सरांनी फांदी अंगणातल्या उन्हात धरली.

"पानं समोरासमोर. म्हणजे बोर नाही, रानातली बारकी येरोणी बोरंबी नाही. काटा नाही, मोडलं तर चीक नाही, म्हणजे करवंदबी नाही." त्यांनी एक काळं फळ बोटांत चेपून वास घेतला आणि जरा थांबले. "कुठं सापडलं, माया?"

"आमच्या बेसा वस्तीच्या मागं, झुडपी जंगलात. आई रोज खाऊन राहिली, सर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "फुलाशिवाय मी नाव सांगत नाही. फूल दिसलं तर आण. पण तोवर अंजनाबाईले खाऊ देऊ नको. काही फळं आज काही करत नाहीत, मागाहून करतात."

सांगणं सोपं होतं.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच राहते. बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होते. छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि गेले. आई फारशी रडली नाही. फक्त दिवसभर दाराशी चपला जवळ घेऊन बसायची, कोणी हाक मारली तर लगेच निघता यावं तशी. मग थंडी पडली, आणि ती संध्याकाळची फिरायला जाऊ लागली. परत यायची तेव्हा ओठ जांभळे, पदरात मूठभर काळी फळं, आणि चेहरा असा, की मी लहान असताना बाबा सेकंड शिफ्टवरून घरी आल्यावरच तो तसा दिसायचा.

पण तिचं जेवण सुटलं. भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले.

"आई, त्या झाडाचं नाव सरांलेबी माहीत नाही," मी घरी येऊन सांगितलं. "विषारी असलं तर?"

"नाव काहून पाहिजे वं? आवाज देऊन बोलवायचं आहे का त्याले?"

"तू तोडू नको, बस."

ती हसली. "मी कुठं तोडून राहिली? माहा हात तरी पुरते का तिथवर? तुहे बाबा देते ना तोडून."

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्यासोबत निघाले.

शेवटच्या प्लॉटचे सिमेंटचे खांब मागे पडले. पुढे पळस, धावडा आणि पायाखाली कुरकुरणारा पाला. उजेड उतरत होता. धुळीचा आणि वाळल्या गवताचा वास येत होता, आणि मग त्याच्यात हळूच दुसरा वास मिसळला. ग्रीसचा. कितीही साबण लावला तरी बाबांच्या हातावरून तो कधी गेला नव्हता.

झुडूप चांगलंच उंच होतं. फळं सगळी शेंड्याला. टाचा उंचावूनही माझा हात एकालाही पुरला नसता. आईनं ओठांवर बोट ठेवलं, मला गप्प राहायला सांगितलं. मग पदर पसरला आणि डोळे मिटले.

वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. आणि वरून आवाज आला… टक्. जरा थांबून पुन्हा… टक्.

देठ मोडल्याचा आवाज. फळं आपसूक गळत नव्हती. कोणीतरी फांदी वाकवून, बघून, पिकलेलं तेवढंच तोडत होतं. आईचा पदर हळूहळू जड होत खाली झुकत होता, पण पडताना मला एकही फळ दिसलं नाही.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू? तरी पळावंसं वाटलं नाही. तिथेच मांडी घालून बसावं आणि पोटभर रडावंसं वाटलं. पण आईची मनगटं दिसली, काडीसारखी.

"बाबा…"

आवाज थांबला.

"बाबा, तिले नेऊ नका. मले दुसरं कोण आहे?"

 मग वाकलेली फांदी सावकाश वर गेली, कोणी हातातून सोडावी तशी. ग्रीसचा वास विरला, आणि आईचा जड झालेला पदर एकदम हलका होऊन लोंबला.

आईनं डोळे उघडले. रिकामा पदर तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काहून बोलली वं? मी इतके दिवस एक शब्द नाही काढला तोंडातून. वाटे, बोलली तर ते निघून जातील…"

त्यानंतर ती काही दिवस एकटी जात होती आणि रिकाम्या पदरानं परत येत होती. मग जाणं बंद झालं. उन्हाळा लागेपर्यंत दोन भाकरी जेवायला लागली, अंगावर थोडं मांस आलं. तिनं मला दोष दिला नाही. चपला आता दाराबाहेर असतात, सगळ्यांच्या चपलांसोबत. ती कोणाची वाट पाहत नाही.

वाट आता मी पाहते. सरांना फूल हवं आहे, असं सांगून संध्याकाळची निघते. झुडपाखाली उभी राहते, डोळे मिटते, हात पुढे करते. एक शब्द बोलत नाही. कितीतरी संध्याकाळी काहीच झालं नाही.

काल आवाज आला. टक्.

माझ्या तळहातावर काहीतरी अलगद ठेवलं गेलं, आणि ठेवणाऱ्याची बोटं हाताला लागली. बाबांचा हात मला ठाऊक आहे: रुंद, खरखरीत, नेहमी गरम. ही बोटं बारीक होती. लांब. ओली. ती माझ्या तळहातावर सावकाश फिरत राहिली, जणू रेषा चाचपत.

मी हात मागे घेतला नाही.