भिवाचे तीन ठोके

कोंदणगडाच्या पूर्वकड्यावर तांबडं फुटलं तेव्हा वेढ्याला साडेतीन महिने झाले होते. खाली मोगली गोटातल्या चुलींचा धूर दरीभर पसरला होता, तटावरचे उपाशी मावळे भाल्यांना टेकून उभे होते, आणि पूर्व बुरुजाच्या पोटात खणलेल्या खड्ड्यात लखू पाथरवट पाण्यानं भरलेल्या परातीवर डोळे लावून बसला होता. परातीतलं पाणी थरथरत होतं. शत्रूचा सुरुंग बुरुजाखाली येऊन पोचला होता.

लखूनं कातळाला कान लावला. दोन हलके घाव, एक जड, मग क्षणभर विसावा. ही त्याच्या बापाची शिकवण. अशा हाताचे पाथरवट साऱ्या मुलखात दोनच होते: एक तो स्वतः, आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ भिवा, ज्याला वेढा घालणाऱ्या खानाच्या स्वारांनी बायकोपोरांसकट गावातून उचलून नेलं होतं.

लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण लखू सरळ सदरेवर गेला आणि सांगून मोकळा झाला.

सबनीस गंगोपंत उसळलेच. "किल्लेदारसाहेब, भाऊ सुरुंग खणतो आणि भाऊच तो रोखणार? उद्या कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागावी? त्यापेक्षा खानाकडून अभय घेऊन गड खाली करावा."

"खानाचं अभय शेजारच्या गडानं घेतलं होतं, पंत. तिथं आज दिवा लावायला माणूस नाही," किल्लेदार निंबाजीराव शांतपणे म्हणाले. तापानं त्यांचे डोळे लाल झाले होते. "लखू, तुझा बेत सांग."

"सरकार, बुरुजावरच्या पान्याच्या टाक्यापासनं सुरुंगापत्तुर म्या चर पाडलाय. टाक्याचं तोंड चराच्या तळाशी ठोकल्याल्या एका पाचरीवर अडवलंय. पाचर एका घावात निगंल, अन् पान्याच्या भारानं मधला पातळ कातळ फुटंल. पन दारू भरायच्या आदी पानी सोडलं, तर त्ये दुसरीकडनं खनतील. खानाची उरलीसुरली दारू आत गेली, की मंगच घाव घालाया पायजे."

"आणि तुझा भाऊ?"

"दारू भरल्याव सुरुंग आतनं दगडानं चिणून घ्येत्यात. त्ये काम पाथरवटाचं. भिवा आतच असंल, जी."

निंबाजीरावांनी शपथेसाठी बेलभंडारा मागवला. लखूनं तो उचलून कपाळाला लावला. "गडाव तीनशे जीव हायेत. शबूद दिला, सरकार."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पलीकडचे घाव थांबले. दारूचे जड बुधले सरपटत आणल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. कमरेला दोर बांधून लखू चराच्या तळाशी पाचरीजवळ उभा राहिला; पण सारी दारू आत आली की अजून येते आहे, हे कातळाआडून कळावं कसं? चूक झाली तर दुसरी संधी नव्हती.

इतक्यात ठोके आले. तीन, संथ, अंतर राखून.

दगडाच्या खाणीत या तीन ठोक्यांचा अर्थ एकच: काम झालं, आता दगड सुटणार, जीव घेऊन पळ. आणि असा इशारा देणाऱ्यानं पलीकडून जबाबाचा एक ठोका आल्याखेरीज जागा सोडायची नाही, हा पाथरवटांचा पिढीजात रिवाज. इतके दिवस कातळापलीकडून येणारा भावाचा हात भिवानंही ओळखला होता, आणि खानाच्या पहाऱ्यात उभा राहून, सारी दारू भरून झाल्याचं कळवून तो भावाला वाचवू पाहत होता.

लखूचा हातोडा आपसूक उठला. एक ठोका दिला की भिवा निघेल. पण तो पहारेकऱ्यांनाही ऐकू जाईल, आणि कातळाआड गडाचा माणूस आहे हे कळताच ते दारूला बत्ती देतील. त्यानं हात खाली घेतला.

पुन्हा तीन ठोके. पुन्हा तीन, आता घाईचे. वेडा जागचा हलत नव्हता.

"जा की रं बाबा," लखू ओठातल्या ओठात म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. चौथ्यांदा ठोके सुरू झाले. तिसरा पडला, आणि लखूनं घण उचलून पाचरीवर एकच घाव घातला.

चार श्वासांनी टाक्याचं पाणी गर्जत खाली गेलं. वरच्या माणसांनी लखूला ओढून काढलं तेव्हा बुरुज जागेवर होता, आणि खानाची सारी दारू चिखल होऊन पडली होती.

आठव्या दिवशी वेढा उठला. जाताना खानानं कैदी वाटेतच टाकून दिले. त्यांत भिवाची बायको आणि पोरं होती. लढाई फत्ते झाली की तिचे मानकरी पुष्कळ निघतात, तसे इथंही निघाले. निंबाजीरावांनी मात्र सोन्याचं कडं लखूपुढं धरलं. गंगोपंतांनी खालमानेनं विचारलं, "वेळ इतकी नेमकी कशी साधलीस?"

"भावानं सांगितली, जी," लखू म्हणाला. "कडं त्येच्या बायकोला द्या."

मग तो गाळ उपसायला सुरुंगात उतरला. दोन दिवसांनी भिवा सापडला. कातळाच्या भिंतीपासून चार पावलं दूर, सुरुंगाच्या तोंडाच्या दिशेनं पडलेला. हातोडा कमरेला नीट खोचलेला होता, आणि पाथरवट हातोडा कमरेला खोचतो तो काम आटोपून घरी निघतानाच.

पाचरीवरचा तो घाव भिवाला जबाब वाटला होता.