सात दिवसांची नोटीस

प्रणिताच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. आधी ते सांगतो, मग आज दुपारचं. तुम्ही विश्वास ठेवाच, असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण यात एक शब्दही वाढवलेला नाही.

बेंगळुरूत जे. पी. नगरला माझं घर. खाली मी एकटा. वरची खोली भाड्याने.

एप्रिल २०२०. वर निपाणीची प्रणिता राहायची. नर्स. तिच्या वॉर्डात करोनाचे पेशंट आले. इस्पितळानं तिला चौदा दिवस घरीच थांबायला सांगितलं.

आणि गल्ली माझ्या दारात आली.

समोरच्या वसुमतीअक्का सगळ्यांच्या पुढे. "अण्णा, एवढी पुस्तकं वाचता, हे कळत नाही? काढा तिला!"

करारात दोन महिन्यांची नोटीस होती. अशा वेळी कुणाला घराबाहेर काढू नका, असं सरकारही सांगत होतं. मला सगळं ठाऊक होतं.

तरी मी सात दिवसांची नोटीस दिली. तोवर ती खाली येऊ नये म्हणून तिच्या दाराला बाहेरून कडी घातली गेली.

घातली गेली नाही. मीच घातली.

तिसऱ्या दिवशी तिच्या दाराखालच्या फटीतून पत्र आलं.

'सर, बसगाड्या बंद आहेत. मी कुठे जाऊ? बंदी उठेपर्यंत राहू द्या. हो की नाही, तेवढं लिहून कळवा. मी दाराशीच बसते.'

मी चार खर्डे केले. 'हो' लिहिलं की गल्ली आठवायची. 'नाही' लिहिताना हात थांबायचा.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला. ॲम्ब्युलन्स आली.

प्रणिता परतली नाही.

गेल्या महिन्यात सुरू झालं. भर दुपारी...

खट्.

माझं दार बाहेरून बंद.

फोन केला, तेव्हा अक्कांनी येऊन कडी काढली. "या वयात तुम्हाला कोण कोंडतंय, अण्णा? नशीबवान आहात!"

दुसऱ्यांदा त्या हसल्या नाहीत. मी सुतार बोलावून बाहेरची कडीच काढून टाकली.

आज तीन वाजता औषधं आणायला निघालो...

खट्.

दार हलेना. खिडक्यांना गज. दुसरं दार नाही.

फोन लावला. "अक्का, पुन्हा..."

"अण्णा, माझ्या गॅलरीतून दिसतंय की. कडी नाही, कोण नाही. स्वल्प जोरानं ओढा."

ओढलं.

पलीकडे, अगदी खाली, जमिनीजवळ... श्वास ऐकू आला. कोणीतरी दाराशी बसलं होतं.

"सरी, बरं, मी येते," अक्का फोनवर म्हणाल्या.

मी कागद घेतला. या वेळी खर्डा केला नाही.

'हो. हवं तितके दिवस राहा. नोटीस मागे घेतो.'

सही केली. पाकिटावर तिचं नाव घातलं. फटीत सरकवलं.

अर्धं गेलं... अडकलं.

मग पलीकडून कुणीतरी ते ओढून घेतलं.

"अक्का, पाकीट तुम्ही घेतलंत?"

"कसलं पाकीट? मी अजून घरात चपला शोधतेय!"

याला वीस मिनिटं झाली. अक्का बाहेरून ढकलून दमल्या. मी आत बसून फोनवर हे लिहितोय.

उत्तर तिला पोचलं.

दार उघडत नाही. मी काही चुकीचं लिहिलं का?