होसेआच्या लेयरवरचं पाणी

हे मी रचून सांगत नाहीये. रचता आलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

ऑगस्टातला तिसरा रविवार. नुकुअलोफा, आमच्या बेटांच्या देशाची राजधानी. माझं बॅनरचं दुकान.

दुपारचे तीन वाजत आले होते. हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमच्याकडे रविवारी काम करायचं नाही, हा नुसता रिवाज नाही, कायदा आहे. चर्च, जेवण, झोप. बस्स. मी शटर अर्धं ओढून आत चोरासारखा बसलो होतो.

कारण आत्या.

लुपे आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमच्यात आत्याचा शब्द कुणी मोडत नाही. वडीलसुद्धा तिच्यापुढे मान खाली घालतात. सोमवारी माझ्या धाकट्या भावाचा, लिसिआतेचा, एकविसावा वाढदिवस होता. एकविसावा म्हणजे लग्नाच्या तोडीचा थाट. हॉलच्या मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र झळकणार होतं, आणि ते मी करत होतो.

शनिवारी संध्याकाळी आत्याने ते बघितलं नि नाक मुरडलं.

"हे काय? पोरगा पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतोय."

"फोटो तूच निवडलास, आत्या."

"तोंड चालवू नकोस. होसेआच्या वेळी कसं केलं होतंस! डोक्यामागे उजेड, खाली हलणारं पाणी. तस्सं हवं मला."

"अगं, ते मयताचं होतं."

"उजेड काय मयताच्या मालकीचा आहे? सोमवारी सकाळी हॉलवर पोचलं पाहिजे."

विषय संपला.

होसेआ म्हणजे आमच्या गल्लीतला म्हातारा कोळी. जुलैत समुद्रावर गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या प्रार्थनेसाठी मी पडद्यावरचं चित्र केलं होतं. त्यात पाण्याचा शेडर वापरला होता. शेडर म्हणजे हलता रंग. फोटोच्या लेयरवर, म्हणजे थरावर, टाकला की सपाट चित्रात पाणी डुचमळायला लागतं. बाजूला एक पट्टी असते. ती वर सरकवली की पाणी चढतं, खाली ओढली की उतरतं. एवढंच.

माझ्या दुकानाचा एक नियम होता, मीच घातलेला. मयताचे इफेक्ट जिवंत माणसाला लावायचे नाहीत. नव्याने करायचे.

त्या दिवशी मी कंटाळा केला.

होसेआची फाइल उघडली. त्याच्या लेयरवरचं सगळं कॉपी केलं आणि लिसिआतेच्या फोटोवर पेस्ट केलं. दोन बटणं. दोन सेकंद.

डोक्यामागे उजेड आला. पायाशी पाणी आलं. सुंदर दिसत होतं हो, खोटं कशाला बोलू!

दीड वाजता लिसिआतेचा मेसेज आला होता. तो समोरच्या एउआ बेटावर त्याच्या मित्राबरोबर, केलेपीबरोबर, कामाला होता. शनिवारची बोट त्याची चुकली होती.

"केलेपीच्या होडीतून निघालोय. रविवारी निघालो हे आत्याला सांगू नकोस, नाहीतर उद्या डुकराऐवजी मलाच भाजेल."

मी लिहिलं, "लाइफ जॅकेट घाल."

"घालतो हो, आजोबा."

तो त्याचा शेवटचा मेसेज.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी हात डोक्यामागे घेऊन खुर्चीत रेललो. तेव्हा जाणवलं...

कोंबडे गप्प झाले होते.

पलीकडच्या चर्चमध्ये मुलं गाण्याचा सराव करत होती. तो आवाज ओळीच्या मध्येच थांबला होता. दारातला कुत्रा कधी उठून गेला, कळलं नाही.

आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता... चुबुक... चुबुक... होडीच्या बुडाशी येतो तसा.

स्पीकरची वायर मी शुक्रवारीच काढून ठेवली होती.

पडद्याकडे बघितलं. पाणी लिसिआतेच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

माउसवर माझा हात नव्हता.

पट्टी चाळीसवर होती. धक्का लागला असेल, असं म्हणून मी ती शून्यावर ओढली. पाणी उतरलं. मग तो पाण्याचा शेडरच काढून टाकला. हुश्श केलं.

इफेक्टच्या यादीत तो परत होता... आणि पट्टी हळूहळू वर चढत होती.

पन्नास. साठ. सत्तर.

पाणी छातीशी आलं.

मी फोन लावला. "संपर्क क्षेत्राबाहेर." परत लावला. तेच. लेयर डिलीट होईना. फाइल बंद होईना. फक्त ती पट्टी माझं ऐकत होती.

दुसऱ्यांदा ओढली. या वेळी ती जड लागली. खरं सांगतो, माउस जड लागला. विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा खांदा भरून आला. पण पाणी उतरलं.

मग ते हनुवटीपर्यंत चढलं. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी ओढलं. दात आवळून ओढलं. कसंबसं कमरेपर्यंत उतरलं.

आणि मग मला दिसलं...

त्या फोटोत लिसिआतेचे दोन्ही हात खिशात होते. मीच काढलेला फोटो, मला माहीत नाही का?

आता त्याचा एक हात वर होता. पंजा उघडा. माझ्याकडे.

पाणी पुन्हा चढायला लागलं.

इथे मी काय केलं ते ऐका. मी घाबरलो. दुसरा कुणी असता तर ओढत राहिला असता. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

पडदा काळा झाला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

त्याच क्षणी चर्चमधलं गाणं पुढच्या शब्दापासून सुरू झालं. कोंबडा आरवला. मी घामाने भिजलो होतो, आणि मला हसू आलं. म्हटलं, सुटलो बुवा.

घरी गेलो. आईने टारोच्या, म्हणजे अळूच्या, पानात गुंडाळून भाजलेलं मांस झाकून ठेवलं होतं. मी ते पोटभर जेवलो. आणि झोपलो. ते जेवण आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

अंधार पडला तरी लिसिआते आला नाही. रात्रभर आम्ही धक्क्यावर होतो.

केलेपी सोमवारी सकाळी सापडला. पेट्रोलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून खडकावर पडला होता. एकटाच.

इस्पितळात मी त्याच्या उशाशी बसलो. तो छताकडे बघत बोलला.

"तीनच्या सुमाराला होडी उलटली. लिसिआते माझ्यापासून चार हातांवर होता. जॅकेट नव्हतं रे त्याच्याकडे. एकच होतं, ते त्याने मला दिलं."

"मग?"

"बुडाला. आणि एकदम वर आला. मानगूट धरून कुणी उपसावं तसा. असं तीनदा झालं, सिती. तीनदा! तिसऱ्यांदा तर तो हसला."

मी त्याला घोटभर पाणी पाजलं.

"चौथ्यांदा बुडायला लागला तेव्हा त्याने हातपायसुद्धा मारले नाहीत. नुसता हात वर धरला. मी ओरडलो, 'पोह ना!' तर म्हणाला, 'थांब, ओढेल तो.'"

"कोण?"

"मलाही तेच कळलं नाही. वाट बघत होता बिचारा."

केलेपीने तोंड फिरवलं.

"कुणी ओढलं नाही."

लिसिआते मिळालाच नाही. वाढदिवसाचा हॉल रद्द झाला नाही, फक्त लोक काळ्या कपड्यांत आले. आत्या रडून रडून सुकली होती. मला म्हणाली, "मी सांगितलेलं उजेडाचं चित्र लाव रे. किती छान दिसेल तो."

आत्याला नाही कसं म्हणणार? फाइल उघडली.

पट्टी शंभरावर होती. फोटोत नुसतं पाणी होतं, आणि त्यातून वर आलेली बोटं. मी पट्टी ओढली. सगळं बळ लावून ओढली. ती तसूभर हलली नाही.

हॉलवर मी दुसराच साधा फोटो पाठवला. आत्याने कारण विचारलं नाही. तिने मागितलेल्या उजेडाबरोबरच ते पाणी आलं, हे तिला मी कधी सांगणार नाही. कोण ओढत होतं, ते केलेपीलाही सांगितलेलं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. ती फाइल उघडीच आहे. रोज दुकान लावताना आणि बंद करताना मी एकदा पट्टी ओढून बघतो. हलत नाही. लोक विचारतात, रात्रभर पडदा का चालू असतो? मी म्हणतो, विसरलो.

पाणी अजून हलतं. बोटं अजून वर आहेत.

बंद करायचं बटण कुठे आहे, ते मला माहीत आहे. एकदा दाबलंय मी ते.