हातमोजा वर असेपर्यंत

शेजारच्या हेझल्टनकडे रेल्वे स्टेशन आहे, चार मजली दुकान आहे, आणि नाव घेण्यासारखा एकही माणूस नाही. आमचं कल्वरकूम त्याच्याहून निम्मं, पण दक्षिणेकडच्या समुद्रांचे किनारे पहिल्यांदा कागदावर उतरवणारा कॅप्टन लक्स्टन आमचा. राणीच्या लग्नाची लेस विणणारी प्रुडन्स चॅनिंग आमची. अमेरिकेत जाऊन दुसरं कल्वरकूम वसवणारा पाद्रीही आमचाच. तिथली माणसं अजून दर जुलैत आमच्या जत्रेला येतात, मोठमोठ्याने बोलतात आणि आमच्या पावसाचे फोटो काढतात. मी जन्मभर या भागातल्या गाई-घोड्यांचा डॉक्टर होतो. भाबडेपणाचा मला मनस्वी कंटाळा आहे. गावाचा अभिमान मात्र मला पुरून उरेल एवढा आहे.

जत्रा मंगळवारी दुपारी सुरू होते. पेंढा भरलेला, सोनेरी रंगाचा, पोत्याएवढा चामड्याचा हातमोजा फुलं बांधलेल्या खांबावर चढतो. तो राजाचा हात. दवंडीवाला घंटा वाजवून ओरडतो, "हातमोजा वर चढला! तो वर असेपर्यंत कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही!" आणि सगळा चौक एका आवाजात तेच परत म्हणतो. राजाने आम्हाला दिलेली ती सनद आहे. पूर्वी ज्यांच्या मागे सरकारी शिपाई असत, तेही जत्रेत बेधडक फिरत. शिपाई गावाच्या हद्दीवरच्या एका सपाट दगडावर बसून मोजा उतरायची वाट पाहत. तो शुक्रवारी संध्याकाळी सहाचे ठोके संपायच्या आत उतरतो. उशीर झाला तर सनद मोडली, जत्राही गेली आणि तिचा आसराही गेला, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. शिपायाच्या दगडावर जत्रेत आजही कोणी बसत नाही. अमेरिकन बसायला गेले तर त्यांना आम्ही दंडाला धरून उठवतो.

गावची दवंडी आमच्या घराण्याकडे. वडिलांनंतर माझी थोरली बहीण थर्झा लाल कोट घालून तो मोजा चढवत आणि उतरवत आली. वडिलांना किंवा तिला कधी क्षणभराचा उशीर झाला नाही.

त्या वर्षी वसंतातच थर्झाच्या फुफ्फुसांनी हात टेकले. जत्रेच्या आदल्या दिवशी डॉक्टर हॅनफर्ड मला जिन्यात म्हणाले, "ह्यू, उद्याची संध्याकाळ निघाली तर खूप झालं."

खोलीतून आवाज आला. "मी मेले नाहीये अजून. जिन्यात कुजबुजू नका." मी आत गेलो तर ती म्हणाली, "घंटा यंदा तू धर. आणि ओरडताना गाय व्यायल्यासारखा आवाज काढू नकोस, पोटातून ओरड."

"तू बरी झालीस की तूच ओरड."

"शुक्रवारी वेळेवर उतरवशील ना? तेवढं बोल."

"उतरवेन."

मंगळवारी मी मोजा चढवला. आवाज बरा लागला. परत निघालो तर प्रेतवाहक बिकल सूटकेस घेऊन बस स्टॉपवर उभा.

"बिकल, आमच्या घरी काय चाललंय ठाऊक आहे ना? आणि तू सुट्टीला समुद्रावर निघालास?"

"मिस्टर प्रिंग, जत्रेच्या आठवड्यात मला काम नसतं. बापालाही नसायचं, आज्यालाही नसायचं." त्याने टोपी काढली. "शुक्रवारी रात्री येतोच आहे. थर्झाबाईंना नमस्कार सांगा."

मी हसलो. जत्रेसाठी म्हातारी माणसं जीव धरून राहतात, एवढाच त्याचा अर्थ, असं स्वतःला सांगितलं. पण घरापर्यंत चालताना मी आठवून पाहिलं. चर्चच्या नोंदीप्रमाणे कॅप्टन लक्स्टन जत्रेनंतरच्या शनिवारी गेला. प्रुडन्स चॅनिंगही शनिवारीच. बेकरीवाल्यांच्या तान्ह्या मुलीची आशा सोडली होती, तिचा ताप जत्रेत उतरला आणि आज ती शाळेत मुलांना बडवते. जत्रेत गेलेलं एकही माणूस मला आठवेना.

बुधवारी सकाळी थर्झा उशांना टेकून बसली होती. खोकला थांबला होता. रंग चांगला नव्हता, पण मला म्हणाली, "अमेरिकनांनी यंदा काय घातलंय? खरं सांग." मला इतका आनंद झाला की मी तिच्या कपाळाची पापी घेतली. कपाळ तळघरातल्या फरशीसारखं गार होतं.

मी नळी कानाला लावली. तिच्या छातीवर ठेवली, मग पाठीवर, मग पुन्हा छातीवर.

"काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. "झोपही येत नाही. भूक नाही. खूप गर्दीत उभं राहून पाय भरून यावेत, तसं झालंय सगळं अंग."

मी डॉक्टर हॅनफर्डना बोलावलं नाही. काय सांगणार होतो?

आमचं घर गावातलं शेवटचं. तिच्या खिडकीतून शिपायाचा दगड समोर दिसतो. गुरुवारी दिवसभर ती तिकडेच पाहत होती. संध्याकाळी मी फाटकाबाहेर गेलो तर दगडापुढचं उंच गवत दोन ठिकाणी आडवं झालं होतं, टाचा टेकून कुणी बसावं तसं. कुत्रा फाटकातून बाहेर आला नाही.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस लागला.

"ह्यू," दुपारी ती म्हणाली, "त्याला चहा तरी नेऊन दे. बिचारा भिजतोय."

"तिथे कोणी नाही, थर्झा."

"दारात आलेल्याला आपण चहा विचारतो. हेझल्टनची माणसं आहोत का आपण?"

मी चहा केला, दगडावर नेऊन ठेवला आणि मागे न पाहता परत आलो. मग तिच्या पलंगापाशी गुडघे टेकून मनातलं बोलून टाकलं.

"मी मोजा उतरवत नाही. राहू दे तिथेच. जत्रा गेली खड्ड्यात. मला तू हवी आहेस."

"अशी?" तिने हात पुढे केला. नखं निळी होती. "आणि पुढच्या वर्षी कुणाचं तान्हं आजारी पडलं तर? त्यांना काय सांगशील, म्हातारीसाठी सनद मोडली?"

मी रडायला लागलो.

"रडू नको, मूर्खा. प्रिंगांना कोणी कॉलर धरून नेत नाही. मोजा उतरवून वाट दाखवतो आपण. माझा कोट खुर्चीवर काढून ठेव आणि नीघ."

चौक भिजून गच्च भरला होता. अमेरिकनसुद्धा गप्प होते.

धान्यबाजाराच्या घड्याळात ठोके पडायला लागले.

दोरी माझ्या हातात होती. हात हलेना.

वर पाहिलं. मोज्याची बोटं नेहमी ताठ असतात. आता ती मिटलेली होती. आत काहीतरी घट्ट धरलेलं असावं तशी.

वडिलांची आठवण झाली. तिचा लाल कोट आठवला.

शेवटचा ठोका पडण्याआधी मी दोरी सोडली.

मोजा खाली येताना एकेक बोट उघडत गेलं. माझ्या हातात आला तेव्हा त्यात पेंढ्याशिवाय काही नव्हतं. पाऊस थांबला होता. "हातमोजा उतरला!" मी पोटातून ओरडलो, आणि चौकाने तेच परत म्हटलं. इतक्या दुःखातही मला अभिमान वाटला.

घरी पोहोचलो. दगड चिंब ओला होता. मध्ये एका माणसाला बसायला पुरेल एवढी जागा कोरडी होती. कप तिथे नव्हता.

थर्झा पलंगावर निजली होती. लाल कोट अंगात, सगळी बटणं लावलेली. मी जन्मभर मेलेली जनावरं तपासली आहेत. ती आत्ता गेलेली नव्हती, मंगळवारीच गेली होती.

उशाशी तिचा कप होता. त्याच्या शेजारी, बशीत नीट ठेवलेला, मी दगडावर सोडलेला कप.

तो रिकामा होता. हात लावून पाहिला. अजून गरम होता.