चाखलेला दगड

हे कुणाला घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं आहे. आजही तो जेवायला समोर बसला की मी त्याच्या तोंडाकडे पाहायचं टाळतो.

वेळ भलतीसलती नव्हती. फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे दोन.

मामा जुन्या दगडी वास्तू दुरुस्त करणारा कारागीर. दगडाला लोणा लागतो, म्हणजे पोटातला क्षार ओलीबरोबर वर येतो, पांढरा फुटतो आणि दगड पापुद्र्यापापुद्र्याने झडू लागतो. तो क्षार कोणता, हे मामा जिभेने ओळखायचा. जागा पुसायची, जिभेचं टोक टेकवायचं, थुंकायचं, चूळ भरायची. तीस वर्षं त्याच्या जिभेवर घर चाललं होतं.

"घरच्या भाजीत मीठ कमी की जास्त ते कळत नाही," मामी म्हणायची, "आणि निघाले भिंती चाटायला!"

त्या दिवशी हजार वर्षांचं एक देऊळ पाहायचं होतं. बरोबर कामावरची तरुण इंजिनिअर बाई. किल्ल्या सांभाळणारे म्हातारे अण्णा पुढे चालत माहिती सांगत होते. अख्ख्या देवळात चुन्याचा कण नाही, दगडात दगड बसवलेला. प्रत्येक दगडावर तो घडवणाऱ्याची खूण... कुठे मासा, कुठे बाण, कुठे अर्धा चंद्र. दारावरच्या लेखात कुणी देवळाला काय दिलं त्याची ओळ न् ओळ. कुणी बाग दिली, कुणी दिव्याचं तेल.

"आणि शेवटी शिल्पी," अण्णा बोट वर करून म्हणाले. "त्याने काय दिलं, तेवढाच शब्द कुणीतरी छिन्नीने खरवडून काढलाय."

"का?"

"आता ते त्यालाच विचारा साहेब."

गाभाऱ्यात शिरताच मामाने नाकाला रुमाल लावला. खवट तेल. वटवाघळांची घाण. भिंतींवर काजळीचा असा थर, की बोट लावलं तर बोट रुतावं. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास... उपाशी माणूस अगदी जवळ येऊन बोलला की येतो, तसा.

डाव्या भिंतीत एक दगड निराळा होता.

त्याच्यावर खूण नव्हती. काजळी नव्हती. बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर तळहाताएवढा खळगा होता, गुळगुळीत झालेला.

आणि तो ओला होता.

"इथे पाणी कुणी मारलं?"

"कुणी नाही. तो कायमच असा. वटवाघळंसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत."

बाईने क्षार मोजायचं यंत्र टेकवलं. "सर, शून्य आहे. इथे क्षारच नाही."

"तुझ्या यंत्राला जीभ आहे का?" मामा हसला.

"सर, आज राहू द्या ना. किती घाण आहे इथे!"

इथेच तो चुकला. यंत्रापुढे हार मानायची नाही, एवढ्याच हट्टाने त्याने फडकं फिरवलं, खळग्यापाशी तोंड नेलं आणि जीभ टेकवली.

दगड गार नव्हता.

मग तो मऊ झाला...

मग आतून काहीतरी पुढे आलं. रुंद, खरखरीत, लिबलिबीत. मामाच्या जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत ते सावकाश फिरलं. घाई न करता. एखादा जिन्नस पारखून घ्यावा तसं.

मामा झटक्याने मागे सरला आणि थुंकला. थुंकी तुटेना. त्याच्या ओठापासून खळग्यापर्यंत एक चिकट तार लोंबत होती. ती त्याने बोटाने तोडली. तुटलेलं टोक दगडाने आत ओढून घेतलं.

"काय लागलं सर?"

तीस वर्षांची अब्रू होती. मामा म्हणाला, "साधा क्षार. तो ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचा लेप लावा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

घरी जेवणाला चव नव्हती. भाजी, भात, लोणचं, सगळं चघळलेल्या चिंधीसारखं. मामाने तापाचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तोंडात काहीही नसताना, चव आली.

खवट तेलाची.

मग काजळीची. मग... वटवाघळांच्या घाणीची.

त्याने पाच वेळा दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. चव दिवसभर जिभेवर लोळत राहिली. इकडचा घास तिकडे जात होता आणि तिकडची घाण इकडे येत होती. मामीला सांगायची सोय नव्हती. सांगणार काय?

तेराव्या दिवशी, अकराच्या सुमारास, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याचं तोंड गच्च भरलं. ओला कागद. टाळ्याला, गालांना, घशाच्या तोंडाशी थापलेला. तो बोटं घालून ओरबाडू लागला. मामीने जबडा धरून बॅटरी मारली.

तोंड रिकामं होतं.

"अहो, काही नाहीये आत! श्वास घ्या!"

त्याने कसाबसा फोन लावला. शब्द लगद्यातून काढावे तसे निघत होते. "लेप... काढ."

"आत्ता तर लावला सर! तुम्हीच म्हणालात ना, वाळेपर्यंत..."

"काढ गं बाई, पाया पडतो!"

"बरं बरं, काढते. पण ओढावा लागेल हं. भलताच चिकटलाय."

फोन चालूच राहिला. पलीकडे तिची चप्पल वाजली. मग काही क्षण काहीच नाही...

मग चर्रर्र.

मामा किंचाळला. ओट्यावर, फरशीवर, मामीच्या पदरावर रक्त.

"सर, निघाला!" फोनमधून बाईचा आनंद ऐकू येत होता. "दगड एकदम कोरडा! आणि लगद्याबरोबर एक पातळ गुलाबी पापुद्रा आलाय. नमुना म्हणून तुमच्याकडे पाठवते."

डॉक्टरांनी पाहिलं. जिभेची वरची साल टोकापासून मुळापर्यंत गेली होती. "एवढं गरम काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. 

जखम भरली. चव परतली नाही. मामाने काम सोडलं.

नमुना आला तो झाकणाच्या काचेच्या बाटलीत. लाकडी कपाटात, वरच्या फळीवर आहे. दोन वर्षं झाली. तो वाळलेला नाही. गेल्या महिन्यात मी बाटली हातात घेतली, तेव्हा काच आतून ओली होती... आणि त्या ओलीवर एक रुंद पट्टा नुकताच पुसल्यासारखा स्वच्छ होता.

मी ती तशीच परत ठेवली आणि हात धुतले. तीनदा.

"फेकून का देत नाहीस रे?" मी विचारलं.

मामाने कपाटाचं दार लावून घेतलं. मग त्या सोललेल्या, बोबड्या जिभेने म्हणाला,

"ती साल माझी असती तर केव्हाच फेकली असती. पण ती माझी आहे की त्या शिल्प्याची, हे कुठे ठाऊक आहे? तो मागायला आला तर?"