पापलेटच्या चार हजार ऑर्डरी

अंधेरीच्या त्या इमारतीत लिफ्टचं सहाचं बटण दोघांनी एकदमच दाबलं, आणि रुचिराने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

"इंटरव्ह्यू?" त्याने विचारलं.

"कसं कळलं?"

"फाइल उलटी धरलीयेस."

हा प्रज्योत, वेसाव्याचा. आई सखुबाई तिथल्याच बाजारात मासळी विकते. कंपनी केयूरची; रुचिराला नोकरी मिळाल्यावर माणसं तीन – केयूर, प्रज्योत नि ती – आणि काम कोळणींची मासळी घरपोच पोचवणाऱ्या ॲपचं. सकाळी सुचलेलं संध्याकाळी लोकांच्या फोनवर. एवढ्या घाईला लगाम एकच – ॲपमधला बदल सोडायचं बटण दाबताना शेजारी दुसरं माणूस हवंच. "चूक चालेल," केयूरने पहिल्याच दिवशी बजावलं, "नियम मोडला तर घरी."

दुसरं माणूस म्हणजे बहुतेक प्रज्योतच. तो खुर्ची ओढून बसला, की रुचिराची बोटं भलत्याच कळांवर पडत. म्हणून शनिवारी, तो चहाला खाली गेलेला पाहून तिने एकटीनेच चाचणी सुरू केली. गणपती नुकतेच गेलेले. रविवारी अख्खी अंधेरी मासळीवर तुटून पडणार. गर्दी वाढली की क्लाउडवरची यंत्रणा आपोआप वाढते ना, हे बघायला खोट्या ऑर्डरी सोडायच्या होत्या – सरावाच्या यंत्रणेवर.

तिने सोडल्या खऱ्या यंत्रणेवर.

प्रज्योत फोन कानाला लावूनच वर आला. पलीकडून सखुबाईचा आवाज खोलीभर: "अरं, चार हजार पापलेटं कनाला रं तुला? लगीन हाय का?"

रुचिराच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी तर गेलीच... पण तो ऑर्डर उघडेल, तेव्हा?

तो शेजारी बसला. "रद्द कर. मी आहे ना."

ती रद्द करत गेली. शेवटच्या ऑर्डरवर त्याने तिचा हात थांबवला.

"नाव माझं... आणि पत्ता बोरिवलीचा? हे तर तुझं घर."

"चाचणीला काहीतरी भरावं लागतं ना."

"लोक अबक भरतात गं."

तेवढ्यात केयूर आत आला. "सिस्टिम बसली का?"

"टिकली," प्रज्योत घाईने म्हणाला. "मी होतो हिच्या शेजारी..."

"नव्हता," रुचिरा म्हणाली. "मी एकटीने केलं."

"का?"

"हा जवळ बसला की... माझे हात चालत नाहीत."

केयूरने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं, मग स्वतःची खुर्ची उचलून तिच्या शेजारी आणून ठेवली.

"उद्यापासून इथे मी बसणार. तू खिडकीपाशी जा रे. आणि रुचिरा, पुन्हा एकटी नाही."

प्रज्योत खुर्ची सरकवताना हळूच वाकला.

"ती एक ऑर्डर राहिलीये. बोरिवलीची. आई अजून फोनवरच आहे, म्हणते, स्वतः नेऊन दे... करू रद्द?"

रुचिराने स्क्रीनकडे पाहिलं. तिचं बोट रद्दच्या बटणावरच होतं.

"नको," ती म्हणाली. "पण घरी सांगायला मला भीती वाटते."

"मग शेजारी दुसरं माणूस हवंच," तो म्हणाला. "नियम आहे."