देवाच्या पायाला पाणी

"मिस्त्री, पानी गढूळ येतंय!"

लोणावळ्यातल्या घराच्या दारात कोंडाजी राखणदार धापा टाकत उभा होता. इब्राहिम मिस्त्रींनी चहाची बशी तशीच खाली ठेवली.

औंढे गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याचा लोंढा अडवायला बांधलेला तो मातीचा बंधारा बारा वर्षं त्यांच्या देखरेखीखाली होता. मातीचा बंधारा पाझरायचाच. पाझर नितळ आहे तोवर मिस्त्री खुशाल घोरत पडतील. पण तो गढूळ झाला की समजावं, बंधाऱ्याचं पोट आतून धुऊन चाललंय. सन १९३६चा आषाढ, पाच दिवसांची झड आणि बंधाऱ्याची पाणी सोडायची मोरी कालपासून सताड उघडी. तरी पाणी चढतच होतं.

वाटेत त्यांनी महिपती मुकादमाला बरोबर घेतलं. उन्हाळ्यातली डागडुजी त्याच्या हातची. तिघं ओढ्यावरचा साकव ओलांडून गेले न गेले तोच मागे कडाड्! साकव वाहून गेला. एका अंगाला फुगलेला ओढा, दुसऱ्या अंगाला जादा पाणी घेऊन कोसळणारा सांडवा, मध्ये बंधारा. झालं, सापडले चिमट्यात!

त्याच चिमट्यात विठाबाईची झोपडीही होती, बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याशी.

"भाऊ, सून कालच बाळंत झालीया," विठाबाई वर येऊन म्हणाली. "ओली बाळंतीण घेऊन जाऊ कुटं?"

जायला जागाच नव्हती. पाणी आत शिरतंय ती जागा सापडली तरच ती बुजवता येणार होती, आणि घटकाभरात सापडायला हवी होती. मिस्त्री पुढे निघाले, मागोमाग विठाबाईही.

बंधाऱ्याच्या मध्यावर, पाण्याच्या अंगाला, शेंदूर फासलेला म्हसोबा होता. कोंडाजी एवढ्या घाईतही थांबला, हात जोडले. पायात बूट म्हणून मिस्त्री लांबून वळसा घालून गेले. महिपती वहाणा फटफटवत सरळ पुढे गेला.

पश्चिमेच्या टोकापर्यंत सगळा उतार त्यांनी काठीनं चाचपला. कुठं भोक म्हणून नाही.

"ह्या कोंडाजीलाच बांधा आन् फौजदाराम्होरं उभा करा," महिपती ओरडला. "गवत कापलं न्हाई, म्हनून घुशींनी बिळं केली!"

कोंडाजीचं तोंड एवढंसं झालं.

"कोंडाजी, गवत कापलंस?"

"समदं कापलं, मिस्त्री. देवाभवतीचं तेवडं न्हाई. तितं इळा कसा चालवू?"

"गढूळ पाणी कधीपासून?"

"सकाळी पानी देवाच्या पायाला लागलं, तवापासनं. देव कोपला बगा."

मिस्त्री महिपतीकडे वळले. "चैत्रात मी तापानं पडलो होतो, कोंडाजी जत्रेला गेला होता. साळिंदराचं बीळ तूच एकट्यानं पाहिलंस. तळापर्यंत उकरून चिकणमातीनं ठोकून भर म्हणून निरोप दिला होता मी. भरलंस?"

"व्हय तर! हितंच, पश्चिमेच्या टोकाला."

"इथं कुदळ लागल्याची खूणही नाही. ही माती बारा वर्षांची आहे." त्यांनी विठाबाईला विचारलं, "मावशी, मधला तो म्हसोबा कधी बसवला?"

"चैत्रातच की. मुकादमाच्या सपनात आलता."

"तेल कोण घालतं?"

"मीच, दर शनवारी. लय भुका देव! किती बी वता, टिपूस वर ऱ्हात न्हाई."

मिस्त्री धावतच म्हसोबापाशी परतले, बाकीचे त्यांच्या मागोमाग. खाली झोपडीत तान्हं रडत होतं.

"मावशी, तो दगड उचला."

"देवाला हात?" महिपती आडवा आला. "आन् ह्याच्या सांगन्यावरनं?"

"मी हात लावणार नाही. म्हणून तर मावशींना सांगतोय. ऐका. ठोकून बसवलेल्या मातीवर तेल साचतं. इथं ते गडप होतं, कारण खाली पोकळी आहे. तीन महिने पाणी खाली होतं तोवर काही झालं नाही. आज ते देवाच्या पायाला लागलं आणि पाझर गढूळ झाला. देव कोपला नाही, कोंडाजी. पाणी बिळाच्या तोंडाशी पोचलं. जिथं देव बसतो तिथं विळा चालत नाही, कुदळ चालत नाही, माझे बूटही जात नाहीत. लपवायला याहून चांगली जागा कुठली?"

"पन माझ्यावरच का आळ?" महिपतीचा आवाज चिरकला.

"कोंडाजी थांबला. मी वळसा घातला. ज्याच्या स्वप्नात देव आला, तो तूच तेवढा वहाणा वाजवत गेलास. घाबरल्यावर माणूस सोंग विसरतो, महिपती."

महिपती मटकन चिखलात बसला.

"पोरीचं लगीन व्हतं. गडी मांडवाला न्हेले. बिळात पेंढा कोंबला, वर मातीचा थर दिला. कुनी उकरू नये म्हनून दगड ठेवला. पावसाआदी भरनार व्हतो, देवाशपथ! पर समदं गाव पाया पडाय लागलं. मग दगड हलवू कसा?"

विठाबाईनं पदर खोचला, हात जोडले आणि दगड उचलला. खाली कुजका पेंढा, आणि पाणी गटागटा आत चाललेलं. बीळ घागरीच्या तोंडाएवढं!

"मोठा दगड पाहिजे, लवकर! त्यावर चिकणमाती!"

कोंडाजी आपल्या राखणीच्या चौकीपाशी साठवलेली माती आणायला धावला. विठाबाईनं हातातला देव मिस्त्रींपुढे धरला.

"ह्योच घाला."

"मावशी, तुमचा देव आहे."

"म्हनूनच. त्यानं दगड ठेवला असंल, तेल म्या वतलंय. माजा तर देवच हाय. राखन करू द्या त्याला."

तिनंच तो बिळात बसवला. नेमका बसला. कोंडाजीनं मातीची पाटी रिकामी केली आणि ठोकायला धुमस उचलला.

"धुमस नगं, पाय बी नगं," विठाबाई म्हणाली. "देव हाय आत. मुकादमा, वहाणा काढ. गुडघ्यावर बस आन् हातानं थाप."

महिपतीनं वहाणा काढल्या. गुडघे टेकून तो थापू लागला, पाटीवर पाटी. रडत होता की पावसानं तोंड भिजलं होतं, कोण जाणे.

घटकाभरानं कोंडाजी पायथ्याशी उतरला. पाझराखाली त्यानं ओंजळ धरली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिला.

"मिस्त्री," तो खालून ओरडला, "हाताच्या रेघा दिसत्यात!"